राहनाळच्या गोदामानं बरी केलेली बाई

आमच्या आळीत कुणाचं डोकं फिरलं की त्याला राहनाळला कामाला लावतात. हसू नका, खरंच लावतात. पोट दुखलं तर ओवा, सर्दी झाली तर वाफारा, आणि माणूस भिंतीशी बोलायला लागलं की गोदामात पॅकिंग. हे औषध शोधून काढलं आमच्या घरानं. आणि गुण येतो याचा पुरावा म्हणून गेली चौदा वर्षं ज्या बाईकडे बोट दाखवतात, ती बाई मी.

आम्ही भिवंडीलगतच्या शेलार गावचे. बापानं शेत विकून घर बांधलं आणि मागच्या अंगाला गाळे काढून लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागावर कापड विणणाऱ्यांना, भाड्यानं दिले. त्या लूमच्या खटखटीत आम्ही भावंडं वाढलो, अभ्यास केला, भांडलो. ती खटखट आम्हाला ऐकूच यायची नाही, इतकी सवयीची. मी एकोणतीस वर्षांची असताना सासरच्यांनी मला आणून सोडलं. का, कशासाठी, ते इथे सांगत बसत नाही, त्यांची लायकी नाही तेवढी. घरी आल्यावर महिन्याभरात लूम माझ्याशी बोलायला लागले. जेवू नको म्हणायचे. अंघोळ करू नको, नळाला हात लावू नको. मी ऐकायचे. आईला वाटायचं, पोरगी सासरच्या दुःखानं खात नाही. मग एक शुक्रवार आला. शुक्रवारी लूम बंद असतात, सगळी आळी गपगार होते. मी कान दाबून ओट्यावर बसले होते आणि ओरडत होते, "आये, बंद कर ना गो त्यांना!" आईनं मागे जाऊन बघितलं. गाळ्यांना कुलपं. त्या दिवशी तिला कळलं की हे दुःख नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

आधी भगत झाला. लिंबं झाली, कोंबडा झाला. मग डॉक्टर. इस्पितळात काही आठवडे राहिले, गोळ्या लागू पडल्या, तसा आवाज उतरला. पण घरी आले तर नुसती भिंतीकडे तोंड करून पडून. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, भिवंडीत एक केंद्र आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दिवसभर तिथे शिकवतात, बोलतात, कामं करून घेतात. माणूस परत माणसांत येतो.

दादाला घाम फुटला. रोज सकाळी डबा घेऊन बहीण कुठे निघते, हे आळी विचारणारच. आमच्याकडे कुणाच्या घरी मटण शिजलं तरी चौकशी होते. दोन दिवस त्यानं डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी नाक्यावर चहा पिता पिता सांगून टाकलं, "बहीण राहनाळला लागली, गोदामात." राहनाळ का? तर ते भिवंडीच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्याकडचं तिथे तेव्हा कुणी जात नव्हतं, म्हणजे खोटं उघडं पडायची भीती नाही. जाणार भिवंडीवरूनच, त्यामुळे दिशाही बरोबर.

बरं, नुसतं सांगून थांबला असता तर आमचा दादा कसला! त्यानं गळ्यात घालायचा निळा पट्टा आणला, खाली प्लास्टिकचं कार्ड, त्यात माझा फोटो. कंपनीचं नाव नाहीच, नुसता फोटो. मी तो पट्टा घरातून घालून निघायचे, भिवंडीत पोहोचल्यावर पिशवीत टाकायचे, आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात. दिवाळीला त्यानं स्वतःच मिठाईचा डबा आणि स्टीलची परात विकत घेतली, आणि आईनं ती परात आळीभर मिरवली. "कंपनीनं दिली गो." मीसुद्धा मान डोलावली. त्या परातीत आमच्या घरी अजून पीठ मळतात.

आता केंद्रात काय होतं, ते सांगते. वाटेल की शॉक देत असतील, नाहीतर ध्यान. छे! कांदे कापायचे असत. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि तिथल्या ताई म्हणत, आज खिचडी, कांदे तू काप. पहिल्या दिवशी मी सुरीकडे बघत दोन तास बसले. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी पण सुरी माझ्यासमोरच. माझ्या शेजारी एक चाचा बसायचे, उत्तर प्रदेशातले, आयुष्यभर लूमवर तुटलेले धागे जोडलेले. ते दिवसभर दोऱ्याच्या गाठी मारत. मला म्हणाले, "बेटी, काट लो, नहीं तो ये लोग रोज प्याज लाएँगे." मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि कापले कांदे. हा माझा उपचार. कांदे, मग वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, मग एकटीनं बाजारात जाऊन मेथी आणणं. मेथीला मला सात महिने लागले. भाजीवाला "क्या चाहिए" म्हणायचा आणि मी पळून यायचे. आणि दर आठवड्याला डॉक्टर, आणि रोजच्या गोळ्या. दोन वर्षं असं चाललं.

दोन वर्षांनी ताईंनीच ओळखी काढून मला खरी नोकरी मिळवून दिली. आणि ती कुठे मिळावी? राहनाळच्या गोदामात! दादा देवापुढे नारळ फोडून आला. खोटं खरं झालं म्हणाला, आता कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही. पॅकिंगला लागले, मग स्कॅनिंगला, आता एका अख्ख्या लाईनची इन्चार्ज आहे. माझ्या लाईनवर बायका माझ्यापेक्षा माझ्या शिट्टीला जास्त घाबरतात.

त्या केंद्रातले आम्ही सगळे वर्षातून एकदा भेटतो. ताई बोलावतात. कुणी विचारतं ना, अशा ठिकाणी जाऊन पुढे काय होतं, दहा-पंधरा वर्षांनी? हे होतं. काही जण कामाला आहेत. काही पुन्हा पुन्हा आजारी पडले आणि पुन्हा पुन्हा आले. एक जण गेला, आणि त्याबद्दल आम्ही अजून नीट बोलू शकत नाही. चाचा गावी परतले, नातवंडं सांभाळतात, त्यांचा फोन येतो. आणि मी रोज एक गोळी घेते. अजून घेते, पुढेही घेणार. आवाज कधीमधी येतो, शेजारच्या घरात टीव्ही चालू असल्यासारखा. मी त्याला म्हणते, बोल बाबा, मला शिफ्ट आहे. याला पूर्ण बरं झालं म्हणायचं की नाही, ते ज्याला ठरवायचंय त्यानं ठरवावं. मला रोज सकाळी उठून जावंसं वाटतं, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

पण आळीनं काय पाहिलं? पोरगी ठार वेडी होती. गोदामात लागली. दोन वर्षांत ठणठणीत. हिशेब सरळ! मग लोक यायला लागले. आमच्या जावेचं मन लागत नाही, तिला लाव. आमच्या पोराला भास होतात, लोडिंगला घे. मी आधी हसले, मग एकदोघांना लावलंही. टिकलं कुणीच नाही, पण त्याचं खापर त्यांच्यावरच फुटलं, मेहनत नको म्हणून पळाले म्हणे. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. वेडी म्हणून बोट दाखवण्यापेक्षा कामसू म्हणून दाखवलेलं कुणाला नाही आवडणार?

या वर्षी शेजारीण आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर, माझ्याच वयाची. नवरा टेम्पोवर. एकुलती एक पोरगी, कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. गेले तीन महिने ती कॉलेजला जात नव्हती, जेवत नव्हती, मोबाइल कपाटात कोंडून ठेवला होता, कारण त्यातून कुणी बघतं म्हणे. शेजारीण माझा हात धरून म्हणाली, "बाय, तुझ्यासारखी तिला पन राहनाळला लाव. तू कशी झालीस, सोन्यासारखी. माझे पोरीला पन तशीच कर ना गो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. घरात माझ्या भाचीची, दादाच्या मुलीची, सोयरीक जमत होती. खारबावची माणसं, चांगलं स्थळ, साखरपुड्याला पंधरा दिवस उरले होते. वहिनीनं दारामागून डोळे मोठे केले. मी म्हणाले, "धाड उद्यापासून." ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

पाच दिवस पोर आली. पहिल्या दिवशी लेबलं चिकटवली. दुसऱ्या दिवशी एकाच खोक्यावर लेबलावर लेबल. तिची आई रोज संध्याकाळी मला विचारायची, "कवा फरक पडंल? तुला पन पयल्यांदा त्रास झाला असंल ना?" औषध कडू असतं तसं तिला वाटत होतं. पाचव्या दिवशी दुपारी लाईनवर पोर दिसेना. शोधली तर पॅकिंग टेबलाखाली, गुडघे पोटाशी, कान दाबून. दंडावर लाल वळ होते. मी विचारलं, तर म्हणाली पडले. मी टेबलाखाली शिरले, या वयात, या गुडघ्यांनी, आणि तिच्याशेजारी बसले. स्कॅनर टूं टूं करत होते. तिनं मला विचारलं, "मावशी, तुला पण स्कॅनर नाव घेऊन शिव्या द्यायचा?"

मी म्हणाले, "स्कॅनर नव्हे गो. मला लूम द्यायचे."

सोळा वर्षांत हे वाक्य मी घरच्यांबाहेर आणि केंद्राबाहेर पहिल्यांदा बोलले. तिनं कानांवरचे हात काढले. मग म्हणाली, "काल मी गच्चीच्या कठड्यावर उभी होते. ते म्हणत होते उडी मार. आईला नको सांगू." मी तिला अंगाशी धरून रिक्षात घातली आणि भर शिफ्टमधून घरी आणली.

दादा ओट्यावर पेपर वाचत होता. पोरीला तिच्या घरी पोचवून मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, मी आता शेजारी जाऊन सगळं सांगणार आहे.

"पंधरा दिवस दम निघत न्हाय तुला?" तो म्हणाला. "साखरपुडा होऊ दे. मग ढोल बडवून सांग."

"त्या पोरीकडे पंधरा दिवस नाहीत, दादा. काल ती कठड्यावर चढली होती."

"म्हणून माझे पोरीचं वाटोळं करतंस? आलीला वाटतं कामानं बरी झाली. खारबावला कललं की आत्या डॉक्टरची वेडी होती, तर?"

"होती नव्हे, आहे," मी म्हणाले. "गोळी घेते ती रोज. तुझी ही वेडी बहीण चाळीस बायकांची लाईन चालवते. त्यांना हेही सांग." वहिनी आतून म्हणाली, हळू बोला, शेजारी ऐकू जाईल. मला इतका संताप आला! सोळा वर्षं मी या घरात हळू बोलले होते. मी म्हणाले, जाऊ दे ऐकू, तेच तर पाहिजे आहे.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणी वाट बघायला नको. खारबावची सोयरीक मोडली. त्यांनी कारण दुसरंच दिलं, पण कारण मीच. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पुढे सरकवते, आणि तोंड फिरवते. तिचं दुःख मला कळतं. पण पुन्हा तीच दुपार आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि या वेळी पाच दिवस थांबणार नाही.

तर मी शेजारी गेले. ओट्यावर शेजारीण आणि आळीतल्या तीन-चार बायका तांदळाच्या पापड्या घालत होत्या. आमच्याच साखरपुड्यासाठी, काय सांगू! मी उभ्याउभ्याच बोलले. ती पहिली दोन वर्षं मी राहनाळला नव्हतेच. भिवंडीत डोक्याच्या आजाराच्या केंद्रात होते. त्याआधी इस्पितळात. मला गोदामानं बरं केलं नाही, डॉक्टरांनी केलं. गोदाम नंतर आलं. पोरीला आजच्या आज डॉक्टरकडे नेऊया.

मला वाटलं होतं बायका तोंडावर हात ठेवतील. कुणी ठेवला नाही. शेजारीण उठली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "खोटा बोलतंस."

"मी?"

"मंग काय! पट्टा गल्यात घालून जाताना मी या डोल्यांनी बघितलाय तुला. कंपनीची परात माझे हातात दिली होती तुझे आयनं. माझी पोर तुझे लाईनवर नको, म्हनून बनवून सांगतंस. तू बरी झालीस, आता बाकीच्यांनी मरायचा काय?"

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. एक म्हणाली, बरोबर हाय, आपला झाला की शिडी ओढून घ्यायची. मी काय सांगू? आम्ही खोटं इतकं झकास रचलं होतं की खऱ्याला उभं राहायला जागाच ठेवली नव्हती. माझ्याजवळ कागद नव्हता, आई वारली होती. मी तिथे वेड्यासारखी शपथा घेत होते आणि ती माझ्याकडे भिकाऱ्याकडे बघावं तशी बघत होती.

मागून भाचीचा आवाज आला. ती आमच्या दारातून उतरून आली होती, ज्या पोरीचा साखरपुडा होता तीच. "काकी, आत्या खरं सांगते. तेव्हा मी पहिलीत होते. पप्पा आधी आत्याला त्या केंद्राच्या जिन्यापाशी सोडायचे आणि मग मला शाळेत. स्कूटरवर मी पुढे उभी असायचे. पप्पांनी मला पाठ करून घेतलं होतं, आत्या कुठे जाते, तर गोदामात. चुकलं की चिमटा काढायचे." मग ती वळून म्हणाली, "पप्पा, सांगा ना."

दादा आमच्या पायरीवर उभा होता. पेपर अजून हातात. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. शेजारीण म्हणाली, "दादूस, तू बोल. तू सांगशील त्ये खरा."

त्यानं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पेपरची घडी घातली. म्हणाला, "ती नव्हती गोदामात. मीच सगल्यांना सांगितला होता. मला लाज वाटायची." आणि खाली पायरीवर बसला.

मला वाटलं, आता शेजारीण माझ्या अंगावर येणार, नाहीतर दादाच्या, आणि यावंच तिनं. पण तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं आणि ती मटकन पापड्यांच्या प्लास्टिकवर बसली, ओल्या पापड्यांवरच. "ती जात नव्हती गो," ती म्हणाली. "रोज सकाली पाय धरायची, आये नको, आये नको. मी झाडूनं मारून धाडली तिला. पाच दिवस. बरी व्हावी म्हनून मारली."

मीही तिच्यासमोर खाली बसले. तो झाडू मी आणि माझ्या भावानं तिच्या हातात दिला होता.

दारात पोर येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, आईच्या शेजारी बसली, ओढणीच्या टोकानं आईच्या हाताचं पीठ पुसायला लागली. एकेक बोट पुसलं. मग म्हणाली, "आये, आता नको रडू. साडी बदल, आपल्याला डॉक्टरकडे जायचंय."